स्टोअरच्या सर्चमध्ये योग्य प्रॉडक्ट वर कसं आणायचं: रँकिंग सेट करायची पूर्ण पद्धत

सर्चमध्ये ‘कॅमेरा’ टाकलं की आधी कॅमेऱ्याची बॅग येते, मग पट्टा, मग लेन्सचं झाकण, आणि खरा कॅमेरा कुठेतरी दुसऱ्या पानावर. ऑनलाइन स्टोअर चालवणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी होतोच, आणि मग सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे ‘जास्त विकणारं वर आणा’. तसं केलं की पट्टा अजूनच वर जातो, कारण पट्टे कॅमेऱ्यापेक्षा जास्त विकले जातात!

म्हणून हाच कॅमेरा धरून पुढे जाऊ. क्रम लक्षात ठेवा: आधी प्रॉडक्ट सापडतंय का ते, मग शब्द किती नीट जुळतोय ते, मग कॅटेगरी, आणि विक्री, रेटिंग, स्टॉक वगैरे धंद्याच्या गोष्टी सगळ्यात शेवटी. बरेच लोक शेवटाकडून सुरू करतात आणि मग कितीही आकडे हलवले तरी एक क्वेरी (ग्राहकाने सर्चमध्ये टाकलेले शब्द) सुधारते आणि चार बिघडतात.

बॅग वर का येते, हे आधी कळू दे

इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च, सोलर या सर्च इंजिनांच्या पोटात ल्युसीन नावाची लायब्ररी आहे आणि प्रॉडक्टला स्कोअर देणारा ल्युसीनचा डीफॉल्ट फॉर्म्युला 2016 पासून बीएम 25 आहे (त्याआधी टीएफ-आयडीएफ नावाचा होता). हा बीएम 25 लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या ओकापी सिस्टीमवर 1990 च्या दशकात तयार झाला. तो तीन गोष्टी बघतो: शब्द किती वेळा आलाय, तो शब्द अख्ख्या कॅटलॉगमध्ये किती दुर्मिळ आहे, आणि ते फील्ड (टायटल, डिस्क्रिप्शन असा माहितीचा एकेक रकाना) किती लांब आहे.

पहिल्या गोष्टीची काळजी करू नका, तिथे ब्रेक आहे. के-वन नावाचं सेटिंग डीफॉल्ट 1.2 असतं, त्यामुळे सरासरी लांबीच्या फील्डमध्ये शब्द दोनदा आला तर स्कोअर साधारण 1.37 पट होतो, दहादा आला तरी 1.96 पट, आणि कितीही कोंबला तरी 2.2 पटीच्या पुढे जात नाही. घोळ होतो तो तिसऱ्या गोष्टीत. बी नावाचं सेटिंग डीफॉल्ट 0.75 आहे आणि ते छोट्या फील्डला बक्षीस देतं. समजा तुमच्या टायटलची सरासरी लांबी 8 शब्द आहे. ‘कॅमेरा बॅग’ हे टायटल 2 शब्दांचं. खऱ्या कॅमेऱ्याचं टायटल ब्रँड, मॉडेल, मेगापिक्सल, किट लेन्स, रंग असं सगळं मिळून 14 शब्दांचं. आता गणित केलं तर बॅगेला 1.44 मिळतात आणि कॅमेऱ्याला 0.77, म्हणजे शब्द दोघांत एकदाच असूनही बॅगेला जवळपास दुप्पट मार्क, फक्त नाव छोटं म्हणून. लांबलचक लेखांमध्ये ‘छोट्या मजकुरात शब्द आला म्हणजे विषय तोच असणार’ हा अंदाज बरोबर ठरतो, प्रॉडक्टच्या टायटलला तो लावणं म्हणजे उगाच शिक्षा आहे.

उपाय सोपा आहे: टायटल फील्डसाठी बी शून्याच्या जवळ आणा, किंवा मॅपिंगमध्ये (फील्डची सेटिंग जिथे असतात तिथे) त्या फील्डचे नॉर्म्स, म्हणजे लांबीची नोंद, बंद करा. नॉर्म्स बंद केले तर इंडेक्स (सर्चसाठी बनवलेली कॅटलॉगची सूची) नव्याने बनवून घ्या, नाहीतर जुना-नवा डेटा मिसळून विचित्र रिझल्ट दिसतील. फक्त डिस्क्रिप्शनला हे करू नका, तिथे लांबीचा हिशेब कामाचा आहे.

तुमचं स्टोअर यातल्या कशावरच नसेल तर थोडं वेगळं चित्र असतं. वर्डप्रेसचं मूळ सर्च म्हणजे डेटाबेसमध्ये टायटल, एक्सर्प्ट (छोटा सारांश) आणि मजकुरात तो शब्द आहे का एवढंच बघणं, 2013 च्या 3.7 व्हर्जनपासून टायटलमध्ये जुळलेलं वर ठेवायला लागले इतकीच प्रगती. त्यावर वजनं वगैरे लावायची म्हटली तर रेलेव्हान्सी किंवा सर्चडब्ल्यूपीसारखं प्लगइन टाकावं लागेल. मॅजेंटो या स्टोअर सॉफ्टवेअरमध्ये 2.4 पासून मायएसक्यूएल डेटाबेसचं सर्च काढूनच टाकलंय, वेगळं सर्च इंजिन लागतंच, आणि प्रत्येक अॅट्रिब्यूटला 1 ते 10 सर्च वेट देता येतं. शॉपिफायवाल्यांना सर्च अँड डिस्कव्हरी अॅपमधून समानार्थी शब्द आणि ठरावीक सर्चसाठी प्रॉडक्ट बूस्ट (वर ढकलण्याची सोय) मिळतात, फॉर्म्युल्याला हात लावता येत नाही, म्हणून तिथे टायटल आणि डेटा नीट ठेवणं हेच मोठं काम.

अल्गोलिया आणि मेलीसर्च या सर्च इंजिनांचा खेळच वेगळा. तिथे एक मोठा स्कोअर बनतच नाही, चाळण्या लागतात एकामागे एक. अल्गोलियाचा डीफॉल्ट क्रम असा: टायपो (स्पेलिंगच्या चुका), जिओ (अंतर), वर्ड्स (किती शब्द जुळले), फिल्टर्स, प्रॉक्झिमिटी (शब्द एकमेकांच्या किती जवळ), अॅट्रिब्यूट, एक्झॅक्ट (हुबेहूब जुळणी), आणि सगळ्यात शेवटी कस्टम (तुमचे स्वतःचे निकष). पहिल्या चाळणीत दोन प्रॉडक्ट बरोबरीत सुटले तरच दुसरी बघायची. म्हणजे विक्रीचा आकडा कस्टममध्ये टाकला तरी तो फक्त बरोबरी फोडायला वापरला जातो, चुकीच्या प्रॉडक्टला ढकलून वर आणू शकत नाही. मला ही रचना समजायला सोपी वाटते आणि नवीन टीमसाठी सेफ पण आहे.

पहिली पायरी: सर्चचा लॉग काढा आणि यादी बनवा

मागच्या दोन-तीन महिन्यांचा सर्च लॉग (लोकांनी काय काय शोधलं याची नोंद) काढा. स्पेस, कॅपिटल-स्मॉल, एकवचन-अनेकवचन एकत्र करा आणि किती वेळा शोधलं त्याप्रमाणे लावा. बॉट आणि तुमच्या स्वतःच्या ऑफिसमधून केलेले सर्च काढून टाका, ते बऱ्याच ठिकाणी राहून जातात आणि मग ‘टेस्ट’ हा शब्द टॉप क्वेरी म्हणून दिसतो. कुठल्याही स्टोअरमध्ये थोड्याशाच क्वेरी फार वेळा येतात आणि उरलेल्या हजारो क्वेरी एक-दोनदाच, तर वरच्या 30 घ्या, मधल्या पट्ट्यातल्या 15-20 उचला आणि शेपटातून, म्हणजे एक-दोनदाच आलेल्यांतून, अशाच डोळे मिटून 10 घ्या. ह्या साधारण 60 क्वेरी म्हणजे तुमची टेस्टची यादी.

यादी बनवताना एक कॉलम क्वेरीच्या प्रकाराचा ठेवा. ‘कॅमेरा’ ही कॅटेगरी शोधणारी क्वेरी. मॉडेल नंबर टाकला तर त्याला तेच एक प्रॉडक्ट हवंय, दुसरं काही नको. ‘लाल लेदर पट्टा’ म्हणजे गुणधर्म आणि वस्तू. ‘पावसात चालणारा कॅमेरा’ म्हणजे गरज सांगतोय, शब्द तुमच्या डेटात असतीलच असं नाही. हे वेगळं ठेवायचं कारण म्हणजे एखादा बदल कॅटेगरीच्या क्वेरी सुधारतो आणि मॉडेल नंबरच्या क्वेरींची वाट लावतो, आणि सगळ्याची सरासरी बघितली तर काहीच हललेलं दिसत नाही.

दुसरी पायरी: मार्क द्या, डोळ्यांवर भरवसा नको

प्रत्येक क्वेरीचे आत्ताचे पहिले 10 रिझल्ट एका शीटमध्ये उतरवा आणि प्रत्येकाला मार्क द्या. 3 म्हणजे अगदी हेच हवं होतं, 2 म्हणजे चालेल, 1 म्हणजे संबंधित पण हे नाही (कॅमेरा शोधल्यावर बॅग), 0 म्हणजे काहीही संबंध नाही. अमेझॉनने 2022 मध्ये शॉपिंग क्वेरींचा एक मोठा डेटासेट खुला केला त्यातही चारच खाने आहेत: एक्झॅक्ट, सब्स्टिट्यूट, कॉम्प्लिमेंट आणि इरेलेव्हंट. त्यातला ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणजे आपली बॅग. त्यांनाही तो वेगळा खाना करावासा वाटला यावरून हा त्रास किती कॉमन आहे ते कळतं.

शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळे मार्क द्या, आणि त्यातला एक कस्टमर सपोर्टवाला असू दे, कारण लोक काय शोधत होते आणि काय मिळालं ते त्यालाच रोज ऐकावं लागतं. जिथे दोघांचे मार्क फार लांब गेले तिथे बसून बोला, बहुतेक वेळा क्वेरीच दोन अर्थाची निघते.

आता ह्याचा एक आकडा करायचा असेल तर एनडीसीजी वापरतात. नाव अवघड आहे, काम नाही. प्रत्येक मार्काला जागेप्रमाणे कात्री लागते: पहिल्या जागेला पूर्ण, दुसऱ्या जागेला 0.63, तिसऱ्याला 0.5, चौथ्याला 0.43, पाचव्याला 0.39. याची बेरीज करायची आणि तेच रिझल्ट आदर्श क्रमाने लावले असते तर जी बेरीज आली असती तिने भागायचं. 1 आला म्हणजे परफेक्ट. तिसऱ्या जागेवर ठेवलेला चांगला प्रॉडक्ट अर्ध्याच किमतीचा, हे आकड्यात दिसलं की टीममधले वाद पटकन मिटतात. इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी रँक इव्हॅल नावाचा एपीआय (प्रोग्रॅममधून वापरायची सोय) आहे, क्वेपिड नावाचं ओपन सोर्स टूल पण आहे, आणि नाहीच तर साधी स्प्रेडशीट पुरते.

हे न करता सेटिंग बदलत बसलात तर जो माणूस मोठ्या आवाजात ‘माझा प्रॉडक्ट खाली का’ म्हणेल त्याच्यासाठीच सर्च ट्यून होत राहील.

तिसरी पायरी: सापडतंय का ते बघा

मार्क देताना एक यादी आपोआप तयार होते, ती म्हणजे ‘जे यायला हवं होतं आणि आलंच नाही’. इथे रँकिंगचा काही संबंध नाही, कितीही बूस्ट द्या, जे जुळलंच नाही ते वर येणार नाही. त्या प्रॉडक्टचं पान उघडून बघा, शोधलेला शब्द त्यात कुठे आहे का? कित्येक कॅमेऱ्यांच्या टायटलमध्ये ‘कॅमेरा’ हा शब्दच नसतो, ‘मिररलेस बॉडी’ आणि पुढे मॉडेल नंबर, बस. शब्द फक्त फोटोवर लिहिलेला असतो किंवा पीडीएफमध्ये. अशा वेळी टायटल सुधारा किंवा कॅटेगरीचं नाव सर्चच्या फील्डमध्ये घ्या. रंग, साइझ, मटेरियल ही डिस्क्रिप्शनच्या परिच्छेदात न ठेवता वेगळ्या अॅट्रिब्यूटमध्ये काढा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि इंजिन बदललं तरी हे काम वाया जात नाही.

मग समानार्थी शब्द. इथे दिशा महत्त्वाची. ‘कॅमेरा’ शोधणाऱ्याला डीएसएलआर दाखवणं बरोबर, पण ‘डीएसएलआर’ शोधणाऱ्याला सगळेच कॅमेरे दाखवले तर तो वैतागेल. म्हणजे हा एकतर्फी समानार्थी. ‘टीव्ही’ आणि ‘टेलिव्हिजन’ दोन्ही बाजूंनी. सुरुवातीला सगळे लोक जोड्या दोन्ही बाजूंनी टाकून देतात आणि मग अचूक क्वेरी पातळ होतात. इलॅस्टिकसर्चमध्ये समानार्थी शब्द शक्यतो सर्चच्या वेळचा अॅनालायझर (मजकूर तोडून शब्दांची रूपं जुळवणारा भाग) वापरून लावा, इंडेक्स करताना नको, म्हणजे यादी बदलली की अख्खा कॅटलॉग परत इंडेक्स करावा लागत नाही.

टायपोच्या बाबतीत डीफॉल्ट आकडे माहीत असू द्या. अल्गोलिया 4 अक्षरांपासून एक चूक आणि 8 पासून दोन चुका चालवून घेतं, मेलीसर्च 5 आणि 9 ला, आणि इलॅस्टिकसर्चचं ऑटो हे सेटिंग 3 ते 5 अक्षरांना एक आणि त्यापुढे दोन. हे शब्दांसाठी ठीक, मॉडेल नंबरसाठी घातक, कारण तिथे एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळं मशीन. कोड आणि मॉडेल नंबरच्या फील्डवर टायपो बंदच ठेवा (अल्गोलियात आकड्यांवर टायपो चालू द्यायचे की नाही याचं स्वतंत्र सेटिंग आहे). आणि तो कोड डॅशसकट, डॅशशिवाय, स्पेस देऊन असा तिन्ही प्रकारे टाकून बघा, सापडला पाहिजे.

कॅटलॉग मराठीत असेल तर अजून एक गोष्ट, इलॅस्टिकसर्चसोबत हिंदीचा तयार अॅनालायझर येतो, मराठीचा येत नाही. त्यामुळे ‘पट्टा’, ‘पट्टे’, ‘पट्ट्यांचे’ हे त्याला तीन वेगळे शब्द वाटतात. टॉप क्वेरींसाठी ही रूपं समानार्थी यादीत हाताने टाकणं हाच पटकन होणारा मार्ग, आणि त्याच यादीत लोक रोमन लिपीत जसं टाईप करतात ती स्पेलिंग पण टाका.

चौथी पायरी: कुठल्या फील्डला किती वजन

सुरुवातीला टायटल 5, कॅटेगरी 3, ब्रँड 3, अॅट्रिब्यूट 2, डिस्क्रिप्शन 1 असं काहीतरी ठेवा. हे आकडे पवित्र नाहीत, फक्त सुरुवात आहे, पुढे शीटवर चालवून बदला. मॉडेल नंबर आणि कोडचं फील्ड वेगळं काढून पूर्ण जुळलं तर भलं मोठं वजन द्या, कारण तो जुळला म्हणजे विषय संपला. डिस्क्रिप्शनमधून सगळ्यात जास्त कचरा येतो. ‘या पट्ट्याला कुठलाही कॅमेरा लावता येतो, हा कॅमेरा, तो कॅमेरा’ असली वाक्यं तिथेच असतात, मला विचाराल तर बऱ्याच स्टोअरनी डिस्क्रिप्शन फक्त सापडण्यापुरतं वापरावं, रँकिंगला जवळपास शून्य.

एक खाचखळगा सांगतो जो एक्सप्लेन (स्कोअर कसा बनला ते दाखवणारी सोय) उघडल्याशिवाय दिसत नाही. दुर्मिळतेचा हिशेब प्रत्येक फील्डमध्ये वेगळा होतो. ‘कॅमेरा’ हा शब्द टायटलमध्ये हजारो ठिकाणी असतो म्हणून तिथे त्याची किंमत कमी, पण ब्रँडच्या फील्डमध्ये तो एखाद्याच ठिकाणी, समजा एका पट्टे बनवणाऱ्या ब्रँडच्या नावातच तो शब्द आहे, मग तिथे तो अतिदुर्मिळ ठरून प्रचंड स्कोअर मिळतो आणि त्या ब्रँडचे सगळे पट्टे धाडकन वर. मल्टी मॅच ही इलॅस्टिकसर्चची अनेक फील्डमध्ये एकदम शोधणारी क्वेरी, तिचा बेस्ट फील्ड्स प्रकार सगळ्यात जास्त स्कोअरचं फील्ड घेतो, त्यामुळे हे अजूनच उठून दिसतं. क्रॉस फील्ड्स प्रकार सगळी फील्ड एक समजून चालतो, दुर्मिळता पण एकत्र बघतो, आणि ‘ब्रँड एका फील्डमध्ये, रंग दुसऱ्यात’ अशा क्वेरीला तोच बरा पडतो. फक्त त्याला सगळ्या फील्डचा अॅनालायझर एकच लागतो आणि टायपो माफ करणं त्यात चालत नाही.

दोन शब्दांच्या क्वेरीत दोन्ही शब्द हवेत की एक चालेल, हेही इथेच ठरवा. डीफॉल्ट ‘एक चालेल’ असतं इलॅस्टिकसर्चमध्ये, आणि ‘लाल पट्टा’ला जगातल्या सगळ्या लाल वस्तू येतात. मिनिमम शुड मॅच (किमान किती शब्द जुळायला हवेत) या सेटिंगला ‘2<75%’ दिलं तर दोन शब्दांपर्यंत सगळे जुळले पाहिजेत, त्यापुढे 75 टक्के. बऱ्याच स्टोअरला हे फिट बसतं. रिझल्ट शून्य आले तर दुसऱ्या फेरीत सैल क्वेरी चालवा आणि वर स्पष्ट लिहा की ‘हुबेहूब काही मिळालं नाही, जवळचं दाखवतोय’.

छोटा कॅटलॉग आणि अनेक शार्ड (इंडेक्सचे तुकडे) असं असेल तर अजून एक गंमत होते, प्रत्येक शार्ड आपल्यापुरता दुर्मिळतेचा हिशेब करतो आणि सारख्याच प्रॉडक्टना वेगळे स्कोअर येतात. इलॅस्टिकसर्च 7 पासून डीफॉल्ट शार्ड एकच आहे, आधी 5 असायचे. जुन्या काळात बनवलेला सेटअप तसाच पुढे ओढत आणला असेल तर चेक करा.

पाचवी पायरी: कॅटेगरीचा अंदाज, बॅगेवरचा खरा उपाय

वरचं सगळं केल्यावर बॅग खाली सरकते, पण जात नाही. कारण शब्द तर तिच्यात आहेच. शेवटी इंजिनला हे सांगावंच लागतं की ‘कॅमेरा’ म्हणणाऱ्याला कॅमेरा ही कॅटेगरी हवी, अॅक्सेसरीज नको. लॉगमधून प्रत्येक टॉप क्वेरीसाठी बघा, शोधल्यावर लोकांनी कुठल्या कॅटेगरीतल्या वस्तू कार्टमध्ये टाकल्या. क्लिक नको, कार्ट किंवा ऑर्डर, क्लिक तर जे वर दिसतं त्यालाच पडतात. मात्र कार्टचा डेटाही पूर्ण निर्मळ नाही, आत्ता बॅगाच वर दिसत असतील तर थोड्या बॅगा कार्टमध्ये जाणारच, म्हणून टॉप 100 क्वेरींची ही जोडी एकदा माणसाच्या नजरेखालून घाला. मग एक साधा टेबल: क्वेरी, कॅटेगरी, विश्वास किती. विश्वास जास्त असेल तिथे त्या कॅटेगरीला बूस्ट, दुसऱ्यांना काहीच नाही. फिल्टर करू नका, बूस्टच करा, एखादा खरंच बॅगसकट कॅमेरा शोधत असतो.

आणि क्वेरी ‘कॅमेरा बॅग’ असेल तर हा टेबल पूर्ण क्वेरीवर जुळवा, शब्दावर नाही, नाहीतर बॅग शोधणाऱ्याला कॅमेरे दिसतील.

सहावी पायरी: आता विक्री, रेटिंग, स्टॉक

इथे आकडे टाकून बघू म्हणजे धोका कळेल. कॅमेऱ्याचा शब्दांचा स्कोअर 8.2, विक्री 40. पट्ट्याचा स्कोअर 4, विक्री 5000. फंक्शन स्कोअरमध्ये (इलॅस्टिकसर्चमध्ये स्कोअरला असे आकडे जोडायची सोय) विक्रीचा लॉग घेऊन थेट गुणलं (लॉग वन-पी म्हणजे 1 मिळवून 10 च्या पायाचा लॉगरिदम, सर्चचा लॉग नव्हे) तर कॅमेरा 8.2 गुणिले 1.61, म्हणजे 13.2. पट्टा 4 गुणिले 3.7, म्हणजे 14.8. पट्टा जिंकला! आणि कालच आलेला नवीन कॅमेरा, विक्री शून्य, त्याचा लॉग शून्य, गुणाकार शून्य. स्कोअर कितीही चांगला असू दे, तो थेट तळाला. हा प्रकार फार सापडतो आणि ‘नवीन माल सर्चमध्ये दिसतच नाही’ अशी तक्रार येते तेव्हा आधी इथेच बघा.

त्याऐवजी 1 अधिक लॉगचा दहावा भाग, अशाने गुणा. कॅमेरा 8.2 गुणिले 1.16, साडेनऊ. पट्टा 4 गुणिले 1.37, साडेपाचच्या आत. नवीन कॅमेऱ्याला 1 ने गुणलं जातं, तो आपल्या जागी शाबूत. लाखभर विक्री असली तरी गुणक 1.5 च्या पुढे जात नाही, म्हणजे विक्री फक्त जवळजवळच्या प्रॉडक्टमध्येच क्रम बदलू शकते. फंक्शन स्कोअरमध्ये हे करायला दोन फंक्शन द्या: एक नुसतं वजन 1, दुसरं फील्ड व्हॅल्यू फॅक्टर, मॉडिफायर लॉग वन-पी आणि वजन 0.1. दोघांची आपसात बेरीज, आणि मूळ स्कोअरशी गुणाकार. फॅक्टर नावाचं जे सेटिंग आहे त्यात 0.1 टाकू नका, ते लॉग घेण्याच्या आधी विक्रीलाच गुणतं, उत्तर वेगळं येतं. आणि ज्या प्रॉडक्टला विक्रीचं फील्डच नाही तिथे क्वेरी एरर देते, म्हणून मिसिंगला 0 द्या.

विक्री आयुष्यभराची धरू नका, मागच्या 30 किंवा 90 दिवसांची धरा, नाहीतर पाच वर्षांपूर्वी चाललेलं मॉडेल कायम वर बसून राहतं.

रेटिंगमध्ये नुसती सरासरी चालत नाही. दोन जणांनी दिलेले 5.0 आणि आठशे जणांनी दिलेले 4.6 यात दुसरा प्रॉडक्ट भक्कम आहे. प्रत्येकाला सुरुवातीलाच 20 काल्पनिक रिव्ह्यू द्या, स्टोअरच्या सरासरीइतके, समजा 4.1. मग पहिल्याचे होतात 4.18 आणि दुसऱ्याचे 4.59. हा आकडा रोज रात्री काढून प्रॉडक्टवर साठवा, सर्चच्या वेळी गणित नको.

स्टॉक संपलेलं लपवायचं की खाली टाकायचं? खाली टाका. त्याचा मॉडेल नंबर नेमका शोधला तर मात्र पहिल्या जागी दाखवा, ‘सध्या नाही’ असं लिहून, खाली पर्याय देऊन. नाहीतर माणसाला वाटतं तुमच्याकडे ते नव्हतंच कधी. कपडे-बूट असतील तर ‘स्टॉक आहे’ हे हो-नाही न ठेवता किती टक्के साइझ उपलब्ध आहेत ते ठेवा, एकच एक टोकाची साइझ उरलेला बूट वर आणून काही फायदा नाही.

नफ्याचा टक्का रँकिंगमध्ये घालावा का, हा प्रश्न येतोच. घाला, पण विक्रीपेक्षाही कमी वजनाने, आणि आधी शीटवर चालवून एनडीसीजी पडत नाही ना ते बघून. पैसे घेऊन वर दाखवलेलं प्रॉडक्ट असेल तर ते रँकिंगच्या फॉर्म्युल्यात मिसळू नका, वेगळी जागा ठेवा आणि त्यावर ‘जाहिरात’ लिहा. मिसळलं की पुढे कुठल्याही टेस्टचा अर्थ लागत नाही.

अल्गोलियावाल्यांसाठी छोटी टीप: कस्टम रँकिंगमध्ये विक्रीचा अचूक आकडा टाकला तर दोन प्रॉडक्ट कधी बरोबरीत सुटतच नाहीत आणि त्याच्या खालचं रेटिंग वगैरे कधी वापरलंच जात नाही. आकडा गोल करा, दहाएक टप्पे करा, मग खालच्या निकषांना काम मिळतं.

हाताने पिन करणं

सीझन, नवीन लाँच, एखादी क्वेरी जी कशानेच सुधारत नाही, यासाठी पिन करा, म्हणजे त्या क्वेरीला ठरावीक प्रॉडक्ट हातानेच वर अडकवून ठेवा. इलॅस्टिकसर्चमध्ये पिन्ड क्वेरी, सोलरमध्ये क्वेरी एलिव्हेशन, अल्गोलियात रूल्स. दोन नियम पाळा: प्रत्येक पिनला संपायची तारीख आणि प्रत्येक पिनला एक मालक, ज्याला विचारता येईल. हे नसलं की वर्षभराने शेकडो पिन साठतात, त्यातले निम्मे बंद झालेल्या प्रॉडक्टचे, आणि रँकिंग बदलून काही फरक का पडत नाही हे शोधत लोक दिवस घालवतात.

सातवी पायरी: लाइव्ह करायच्या आधी आणि नंतर

एका वेळी एकच बदल, शीटवर पूर्ण 60 क्वेरी चालवा, आणि सरासरी बघण्याआधी सगळ्यात जास्त बिघडलेल्या 5 क्वेरी उघडून बघा. सरासरी वाढली पण ‘मॉडेल नंबर’वाला गट पडला तर बदल मागे घ्या. एखादा रिझल्ट का वर आला हे कळत नसेल तर एक्सप्लेन चालवा. आउटपुट भयानक लांब असतं पण सगळ्यात मोठा आकडा कुठल्या फील्डमधून आला एवढंच शोधायचं.

मग एबी टेस्ट, म्हणजे काही लोकांना जुनं रँकिंग आणि काहींना नवं दाखवून तुलना करायची. पूर्ण आठवडे चालवा, कारण सोमवारचे आणि रविवारचे लोक वेगळं शोधतात. काय मोजायचं: सर्च करणाऱ्यांपैकी किती जणांनी कार्टमध्ये टाकलं, किती जणांनी लगेच शब्द बदलून परत शोधलं, किती क्वेरींना शून्य रिझल्ट. नुसते क्लिक मोजू नका, लोक वरच्या जागेवर क्लिक करतातच, तिथे काहीही ठेवा. ट्रॅफिक कमी असेल आणि एबी टेस्टला महिने लागणार असतील तर इंटरलीव्हिंग करा: जुन्या आणि नव्या रँकिंगचे रिझल्ट एकाआड एक मिसळून एकाच यादीत दाखवायचे आणि कुणाचे जास्त निवडले गेले ते मोजायचं, यात फार कमी सर्चमध्ये निकाल लागतो.

सेटिंगची फाइल कोडसारखीच व्हर्जन कंट्रोलमध्ये (कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते तिथे) ठेवा, अॅडमिन पॅनलमध्ये जाऊन कुणीही वजन बदलतोय असं नको. विक्री आणि रेटिंगचे आकडे ताजे करणारा रात्रीचा जॉब बंद पडला तर अलर्ट आला पाहिजे, कारण सर्च त्यानंतरही चालूच दिसतं, फक्त हळूहळू शिळं होत जातं.

व्हेक्टर सर्च आणि मशीन लर्निंगचं विचाराल तर ‘पावसात चालणारा कॅमेरा’ छापाच्या क्वेरींना व्हेक्टरने (शब्दांऐवजी अर्थ जुळवणाऱ्या सर्चने) खरंच फायदा होतो, मॉडेल नंबरला मात्र ते नेमकं उलटं वागतं, जवळपासचं काहीही आणून देतं. म्हणून दोन्ही चालवून रिझल्ट जोडतात, जोडायला आरआरएफ ही पद्धत सोपी: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात 60 मिळवून 1 ला त्याने भागायचं आणि बेरीज घ्यायची, स्कोअरची तुलना करावीच लागत नाही. लर्निंग टू रँक (मशीन लर्निंगने क्रम लावायला शिकवणं) त्याच्याही पुढचं, त्याला भरपूर क्लिक आणि ऑर्डरचा डेटा लागतो आणि वरच्या जागेचा पक्षपात काढून टाकावा लागतो. दोन्हीसाठी लागणारी मार्कांची शीट तुम्ही दुसऱ्या पायरीत बनवलेलीच आहे, दर तीन महिन्यांनी तिच्यातल्या 10-15 क्वेरी नव्या लॉगमधून बदलत राहा आणि नवीन रिझल्टना मार्क द्यायला विसरू नका, मार्क नसलेला प्रॉडक्ट 0 धरला गेला तर चांगला बदलही वाईट दिसतो.